पाण्याचा हिशेब रोज, घरांचा कधी?

भोर तालुक्यातील भाटघर धरणात किती पाणी साठले, याची नोंद रोज होते. वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील पानशेतचा साठा पुणेकर पावसाळ्यात नित्य वृत्तपत्रांत पाहतात. जनतेच्या पैशाने अडविलेल्या पाण्याबाबत इतके दक्ष असणारे सरकार जनतेच्याच पैशाने बांधलेल्या भाड्याच्या घरांबाबत उदासीन असावे, ही विसंगती आम्हांस चिंताजनक वाटते.

ज्या गव्हर्नर लॉइड यांचे नाव भाटघरच्या धरणास देण्यात आले, त्यांच्याच कारकीर्दीत 1920 साली मुंबईत विकास खाते निघाले. त्या खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे 207 चाळी उभारल्या. खोली 160 चौरस फुटांची, भाडे अल्प, मालक सरकार. पुढे मूळ भाडेकरू गेले, खोल्या हातोहाती फिरल्या. दप्तरात एक नाव आणि दारात दुसरेच, अशी अवस्था झाली. पुनर्विकासाची वेळ येताच खरा भाडेकरू कोण, हेच कोडे होऊन बसले आणि अखेर कालमर्यादा घालून हस्तांतरणे मान्य करावी लागली. गरजेपोटी खोली घेणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. खरा दोष, वेळच्या वेळी दार ठोठावून न पाहणाऱ्या यंत्रणेचा आहे.

आता राज्याच्या 2025 च्या गृहनिर्माण धोरणात कामगार, विद्यार्थी व नोकरदार स्त्रिया यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा पुरस्कार केलेला आहे. आम्ही त्याचे स्वागत करतो. परंतु ज्या भोर-वेल्ह्यातील गावांनी आपल्या जमिनी धरणांखाली घातल्या, तेथील तरुण पोटासाठी पुण्यात आला, तर ही खोली त्याच्या हाती पडेल की दलालाच्या?

तपासणी म्हणजे गरिबांच्या मागे नवा ससेमिरा, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. म्हणूनच तपासणीचा पहिला रोख भाडेकरूवर नसून घरे चालविणाऱ्यावर असावा. किती घरे रिकामी, भाडे किती घेतले, वाटप कोणत्या क्रमाने झाले, दुरुस्ती झाली की नाही, याची पाहणी दरवर्षी त्रयस्थ अधिकाऱ्याने करावी आणि अहवाल सर्वांस पाहण्यास खुला ठेवावा. वारसाची नोंद सुलभ व्हावी. तक्रार करणाऱ्यास घर जाण्याचे भय नसावे.

धरणाची गळती वेळीच दिसते, कारण कोणीतरी ती रोज पाहत असतो. घरांच्या गळतीकडे पाहणारा मनुष्य सरकारने आधी नेमावा. कोनशिला मागाहून बसवाव्यात.