‘काही विशेष?’ विचारण्यापूर्वी

मी बँकेत शाखाधिकारी असताना एक जोडपे मुदत ठेवीची पावती मोडायला आले होते. मुदत संपायला चारच महिने उरले होते. ‘थांबलात तर व्याज बुडणार नाही,’ असे मी शहाणपणाने सुचवले. बाईंनी मान खाली घातली. नवरा म्हणाला, ‘साहेब, दर महिन्याला वाट पाहूनच थकलोय आम्ही.’ उपचारांची ती तिसरी खेप होती. मी मुकाट्याने पावतीमागे दोघांच्या सह्या घेतल्या.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला, तेव्हा टेस्ट ट्यूब बेबी हे नवल होते. आज गावोगावी त्याची केंद्रे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. दोष पुरुषातही असू शकतो. तरी आपल्याकडे आधी तपासणी होते ती सुनेचीच. बारशाला पाळण्यापाशी तिला कुणी पुढे बोलावत नाही. त्याला कचेरीत ‘पेढे कधी?’ म्हणून विचारतात आणि तो हसून वेळ मारून नेतो. अमेरिकेत अ‍ॅलिस डोमर व सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा स्त्रियांमधील नैराश्य कर्करोगाच्या रुग्णांच्या तोडीचे आढळले होते.

आपल्याकडे २०२१च्या कायद्याने उपचार केंद्रांवर समुपदेशनाची जबाबदारी टाकली आहे. यशाची शक्यता, धोके, खर्च हे सारे जोडप्याला समजावून सांगायचे आहे. हे योग्यच झाले. परंतु हा भर निर्णय घेण्यापूर्वीचा आहे. खरी गरज लागते ती तपासणीचा निकाल ‘निगेटिव्ह’ येतो त्या संध्याकाळी, दोघे एकाच खोलीत असून बोलत नाहीत तेव्हा.

कर्ज देताना हप्ता थकला तर काय, हे आम्ही आधीच विचारत असू. तसेच किती खेपा करायच्या आणि कुठे थांबायचे, हे जोडप्याने समुपदेशकासमोर बसून सुरुवातीलाच बोलावे. पुढेही दोघांनी एकत्र आणि वेगवेगळेही त्याच्याकडे जावे. एखाद्या बैठकीला सासू-सासऱ्यांनाही न्यावे. दत्तकाचा सल्ला मात्र मागितल्याखेरीज कुणी देऊ नये. तो वेगळा आणि पूर्ण मनाने घ्यायचा निर्णय आहे.

ही हकीकत सांगितली की ऐकणारा हमखास विचारतो, ‘मग, झाले का मूल?’ ते दोघे कसे आहेत, असे कुणी विचारत नाही. त्या दिवशी मीही विचारले नव्हते.