इग्वानाचे पथ्य

मराठीत 'पाळणे' हे क्रियापद मोठे व्यापक आहे. आपण कुत्रा पाळतो, शब्द पाळतो, सुतक पाळतो आणि पथ्यही पाळतो. पहिल्या अर्थात माया आहे. उरलेल्या तिन्हींत बंधन. कुत्र्यामांजरांच्या बाबतीत हे बंधन मायेच्या पोटात झाकून जाते. इग्वानाच्या बाबतीत ते झाकले जात नाही. आम्हांला हे फार उशिरा कळले, आणि त्याची किंमत आम्ही नव्हे, एका मुक्या जिवाने मोजली.

२०१४ साली आमचा एक विद्यार्थी परदेशी निघाला आणि जाताना आपला हिरवा इग्वाना आमच्या नाशिकच्या घरी ठेवून गेला. शेपटीसकट जेमतेम हातभर लांबीचे ते पिल्लू. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. त्यामुळे आमचे पहिले कुतूहल शब्दाचेच. इंग्रज अंमलदार आपल्याकडच्या घोरपडीलाच इग्वाना म्हणत. ऑस्ट्रेलियातल्या घोरपडींचे 'गोआना' हे नावही याच घोटाळ्यातून आले. वस्तुतः दोघांत फारसे नाते नाही. घोरपड मांसाहारी, तर हिरवा इग्वाना पानाफुलांवर जगणारा. त्याचे मूळ घर मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशात, नदीकाठच्या झाडांवर. ही माहिती मिळाली आणि आपल्याला प्राणी समजला, असे आम्ही मानून चाललो.

तो मान वरखाली करी, तेव्हा तो आमच्या बोलण्याला होकार देतो असे आम्हांला वाटे. प्रत्यक्षात ती 'ही जागा माझी आहे' अशी ताकीद होती. तो शिंके, तेव्हा आम्ही त्याला सर्दी झाली म्हणून हळहळत असू. रक्तातले जादा क्षार नाकावाटे टाकण्याची ती त्याची रीत होती. डोक्यावरून हात फिरवला की तो डोळे मिटून घेई. ते आम्हांला सुख वाटले. पुष्कळदा ते नकोशा स्पर्शापासून तोंड फिरवणे असते. चेतनगुणोक्ती शिकवता शिकवता ती आमच्या दृष्टीतच मुरली होती. समोरच्या जिवात आम्ही आमचेच मन वाचत होतो.

खरी चूक याहून जड होती. त्याचा पिंजरा आम्ही काचेच्या खिडकीशी ठेवला. ऊन भरपूर येते, या समाधानात राहिलो. हाडांत कॅल्शियम मुरण्यासाठी ड-३ जीवनसत्त्व लागते, ते बनवण्यासाठी सूर्यप्रकाशातले यूव्हीबी किरण लागतात, आणि साधी काच नेमके तेच किरण अडवते. आहारात आम्ही कौतुकाने पालक देत होतो. पालकातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. नाशिकच्या थंडीत तो सुस्तावून पडे. शरीराला ऊब नसेल तर त्याला खाल्लेले पचतही नाही, हे आम्हांला ठाऊक नव्हते. मागच्या मांड्या भरल्या, तेव्हा आम्ही 'बाळसे धरले' म्हणालो. ती हाडे ठिसूळ झाल्याची सूज होती. क्ष-किरण चित्र निघेपर्यंत जबडा मऊ पडला होता. २०१६च्या जानेवारीत तो गेला. नीट निगा राखली तर पंधरा-वीस वर्षे जगू शकणारा प्राणी आमच्याकडे दीड वर्ष जगला.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. ज्यांच्या घरी इग्वाना नाही, त्यांनी तो आणू नये. हातभर पिल्लाचा पुढे पाच फुटी प्राणी होतो. त्याला खोलीएवढी जागा लागते, चढायला फांद्या लागतात, शेकायला पस्तीस अंशांच्या आसपासचा कोपरा लागतो. यूव्हीबीचा दिवा उजेड देत असला तरी त्यातले उपयोगी किरण काही महिन्यांत क्षीण होतात. तो वेळेवर बदलावा लागतो. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, भोपळा यांचा रोजचा रतीब लागतो. हात लावल्यावर साबणाने हात धुणे आलेच, कारण साल्मोनेलाचा धोका असतो.

ज्यांच्याकडे तो आहे, त्यांनी कंटाळा आला म्हणून त्याला रानात सोडू नये. फ्लोरिडात सोडलेल्या व निसटलेल्या इग्वानांची वस्ती इतकी फोफावली, की २०२१ साली त्या राज्याला त्यांचा समावेश निषिद्ध प्रजातींत करावा लागला. आपल्याकडेही वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२च्या दुरुस्तीने आणि २०२४च्या नियमांनी अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली आहे. हे आम्हांला स्वागतार्ह वाटते. मात्र नोंद म्हणजे निगा नव्हे. पिल्लू विकणारा माणूस त्याच्या वाढीविषयी, दिव्याविषयी, आहाराविषयी अवाक्षर काढत नाही, तोवर आमच्यासारखी घरे अज्ञानाने हिंसा करीतच राहणार.

'आम्ही त्याच्यावर प्रेम तर केले ना?' असे एकदा आम्ही त्या पशुवैद्यांना विचारले होते. ते काही बोलले नाहीत. खिडकीची काच किती जाड आहे, एवढेच त्यांनी विचारले. कुत्रा आपल्या चुका प्रेमाखातर पोटात घालतो, असे निदान आपल्याला मानता तरी येते. इग्वाना तशी सोय ठेवत नाही. त्याला आपले प्रेम नको असते. त्याला योग्य ऊन, योग्य पाला आणि योग्य ऊब हवी असते, रोज, न चुकता. ज्याला हे पथ्य पाळता येईल, त्यानेच 'मी इग्वाना पाळला' असे म्हणावे. आम्ही तो पाळला नाही. केवळ ठेवला होता.