विमान पाडणारी माणसं

आमच्या आरोंद्यात विमानात बसलेली माणसं किती, हे मी एकदा रिकामपणी मोजलं होतं. गावाच्या मानाने आकडा बरा भरला. आखातात नोकरीला गेलेले मुलगे, त्यांना भेटून आलेले आईबाप, आणि एकदाच मुंबईहून गोव्याला विमानाने येऊन त्यावर पुढे तीन वर्षं बोलत राहिलेले एक गृहस्थ. मग विमान कशाने पडतं हे ज्यांना पक्कं ठाऊक आहे अशी माणसं मोजायला घेतली, आणि ती मोजणी मधेच सोडली. ठाऊक नसलेला मी एकटाच उरत होतो.

याला आमच्या गावाची जागाही थोडी कारण आहे. तेरेखोल नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. एके काळी पलीकडे जायचं तर तरीची वाट बघत काठावर बसावं लागे. आता पूल आहे, आणि पुलापलीकडे त्याच पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ. ५ जानेवारी २०२३ पासून तिथे विमानं उतरू लागली. त्याआधी ९ ऑक्टोबर २०२१ ला आमच्याच जिल्ह्यात चिपीचा विमानतळ सुरू झाला होता. ज्या गावाने गाडीची वाट बघण्यात दोन पिढ्या घालवल्या, त्याच्या दोन अंगांना दोन विमानतळ! तेव्हा आपल्याला विमानातलं कळणारच, असा एक समज गावात होऊन बसला आहे. माडाखाली राहणारा प्रत्येक माणूस माडावर चढतोच असं नाही. पण बोलतो मात्र शेंड्यावरून.

१२ जून २०२५ रोजी दुपारी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं १७१ क्रमांकाचं विमान उडाल्यावर जेमतेम बत्तीस सेकंदांत मेघाणीनगरातल्या डॉक्टरांच्या वसतिगृहावर कोसळलं. आतल्या २४२ पैकी २४१ जण गेले, खालचे १९ गेले. कर्मचाऱ्यांत आपल्या मुंबई, डोंबिवली, बदलापूर, पनवेलकडची मुलंमुली होती. तिथली आग अजून पुरती विझायची होती, आणि इथे आमच्या तिठ्यावरच्या दुकानात चौकशी पुरी होऊन निकालही लागला होता.

खरं म्हणजे निकाल पाच लागले होते. "पक्षी शिरलो इंजनात, दुसरा काय नाय," हा पहिला. "पेट्रोलात पाणी मिसळलेला आसतला," हा दुसरा. हा निकाल देणाऱ्याच्या मोटरसायकलीला आदल्याच आठवड्यात हा अनुभव आला होता. तिसऱ्याच्या मते सामान जास्त भरलं होतं. चौथ्याने मोबाइलवर चित्रफीत दाखवून सांगितलं, की वैमानिकाने चाकं वर घ्यायच्या ऐवजी पंखांच्या झडपा वर घेतल्या. पाचवा काही बोलला नाही, नुसता हसला आणि म्हणाला, "ह्या सगळा वरसून आसा." वरसून म्हणजे आकाशातून की दिल्लीहून, ते त्याने सांगितलं नाही. आणि अकरा नंबरच्या सीटवरचा एकच प्रवासी वाचला हे कळल्यावर आमच्यातल्या एकाने सावंतवाडीच्या गाडीत अकरा नंबरची सीट धरायला सुरुवात केली, ती अजून सोडलेली नाही.

बरोबर एका महिन्याने, १२ जुलैला, विमान अपघात तपास विभागाचा प्राथमिक अहवाल आला. त्यात काय होतं? आसपास पक्ष्यांची म्हणावी अशी हालचाल दिसली नाही. इंधनाचे तपासलेले नमुने ठीक निघाले. वजन मर्यादेत होतं. झडपा जिथे हव्या तिथेच होत्या, आणि चाकांचा दांडा खालीच होता. त्याला कोणी हात लावला नव्हता. म्हणजे पाचांपैकी चार निकाल एका फटक्यात गेले. (पाचवा जाणं शक्यच नव्हतं. जो निकाल काही सांगतच नाही, तो खोटा कसा पाडणार?) आता माणसाला वाटेल, दुकानात थोडी तरी शांतता पसरली असेल. छे! कोर्टात चार खटले हरलेला वकील निदान चार दिवस घरी बसतो. आमची मंडळी त्याच संध्याकाळी सहाव्या निकालाला लागली.

हा सहावा निकाल मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. हा लेख लिहायला बसलो तो त्याच्यासाठी.

अहवालात दोन ओळी अशा होत्या, की उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने चालूवरून बंदवर गेले. आणि एका वैमानिकाने दुसऱ्याला 'तू ते बंद का केलेस' असं विचारल्याचं, दुसऱ्याने 'मी केले नाहीत' असं सांगितल्याचं ध्वनिमुद्रणात आहे. कोण कोणाला म्हणाला, ते अहवालात नव्हतं. तेवढ्यावर दुकानात वैमानिकाचं लग्न, घर, आई, दुखणं, मन, सगळं बाहेर आलं. "मुद्दाम पाडल्यान," असा शिक्का बसला. अमेरिकेत 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने तिकडच्या अधिकाऱ्यांच्या हवाल्याने बोट कॅप्टनकडेच वळवलं, तेव्हा तर आमच्या तिठ्याला आंतरराष्ट्रीय पाठिंबा मिळाल्यासारखं झालं. त्या अमेरिकेच्याच वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षबाईंनी या बातम्या घाईच्या आणि तर्काच्या आहेत असं सांगितलं, ते मात्र आमच्याकडे पोचलं नाही. असली वाक्यं वाटेत कुठे उतरतात कोण जाणे.

आमचे निवृत्त गुरुजी त्या दिवशी दुकानात होते. ते म्हणाले, "अहवालात स्विच बंदवर 'गेले' असं आहे. कोणी 'नेले' असं नाही. वाक्यात कर्ता नाही." यावर उत्तर आलं, "गुरुजी, ता व्याकरण रवांदे. कोणी केल्यान ता सांगा." गुरुजींनी पिशवी उचलली आणि ते गेले. पण 'झाले' आणि 'केले' यांच्यामध्ये एका मेलेल्या माणसाची अब्रू उभी आहे, हे चाळीस वर्षं कर्तरी-कर्मणी शिकवलेल्या माणसाला दिसलं आणि बाकीच्यांना दिसलं नाही, याचं मला नवल वाटत नाही, वाईट वाटतं.

त्याच अहवालात आणखी एक नोंद होती, तिच्यावर दुकानात चकार शब्द निघाला नाही. दहा सेकंदांनी पहिला स्विच पुन्हा चालूवर आला, आणखी चार सेकंदांनी दुसरा. एक इंजिन सावरूही लागलं होतं. उंचीच उरली नव्हती. म्हणजे त्या बत्तीस सेकंदांत तिथे वाचवायची धडपडही झाली. आपल्या निकालात ती बसत नाही म्हणून ती गाळायची, याला चौकशी म्हणत नाहीत.

गावातल्या एका घरची मुलगी विमानात नोकरीला आहे. (कंपनी वेगळी, आणि मुलीचं नाव मी सांगणार नाही.) तिची आई खोबरेल न्यायला दुकानात आली, तेव्हा 'विमानातल्या लोकांची मनं कशी बिघडलेली असतत' हा विषय रंगात आला होता. ती बाटली फळीवर ठेवून तशीच परत गेली. दुकान मिनिटभर गप्प झालं. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "पण माका अजून वाटता, पक्षीच असतलो."

१ जानेवारी १९७८ ची रात्र मला आठवते. मी तेव्हा लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहत होतो. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जम्बो विमान सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही. आमच्या खोलीत त्या रात्री घातपात ठरला. बाँब कुठे ठेवला होता, हेही जेवणं व्हायच्या आत ठरलं. खोलीचं सोडा, शहाणीसुरती माणसंही तेच म्हणत होती.

समुद्रातून यंत्रं वर काढली, ध्वनिमुद्रण ऐकलं, तेव्हा निघालं ते असं. विमान कलतं आहे की सरळ, हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं. विमान उजवीकडे वळून सरळ झालं तरी काटा उजवीकडेच कललेला. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ, क्षितिज नाही. कॅप्टनने काट्यावर विश्वास ठेवून विमान डावीकडे झुकवलं, झुकवतच गेले. सहवैमानिकही म्हणाला की माझंही कलंडलं आहे. तिसरं उपकरण ठीक होतं; त्यावरून सावरायला वेळ मिळाला नाही. म्हणजे यंत्र चुकलं आणि मग माणूस चुकला, दोन्ही. कंपनीवर अमेरिकेत खटला झाला, तो १९८५ साली फेटाळला गेला. अशी ही गोष्ट सात वर्षं चालली. आमच्या खोलीला ती एका जेवणात उरकायची होती.

इथे दुकानातला हुशार माणूस मला अडवणार, हे ठाऊक आहे. "मग 'कनिष्क'चा काय?" बरोबर. २३ जून १९८५ ला आयर्लंडजवळ 'कनिष्क' कोसळलं, ३२९ माणसं गेली, आणि तिथे पहिल्या दिवसाचा संशय खरा ठरला, बाँबच होता. पण तो खरा ठरला तो कोणी छातीठोक सांगितलं म्हणून नव्हे. दोन हजार मीटर खोल समुद्रातून पेट्या आणि तुकडे वर आणले, तेव्हा ठरला. संशय घ्यायला माझी ना नाही. संशय घ्यावा, तो विचारावा, आणि मग ऐकायला बसावं. आमच्याकडे तिसरी पायरीच नाही.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. लोक बोलले नाहीत तर वरचे लोक दाबून टाकतील. हाही खोटा नाही. बोइंगच्याच ७३७ मॅक्स जातीची दोन विमानं २०१८ आणि २०१९ साली इंडोनेशियात आणि इथिओपियात पडली, ३४६ माणसं मेली. पहिल्या वेळी बोटं उचलली गेली ती त्या गरीब देशांतल्या वैमानिकांच्या शिक्षणावर. पुढे निघालं की विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी एक संगणकी व्यवस्था होती, आणि वैमानिकांच्या पुस्तकात तिचा उल्लेखही नव्हता. तेव्हा कंपनीला विचाराच. अहमदाबादच्या अहवालातही आहे, की अशा स्विचच्या खिट्टीबद्दल अमेरिकी विमानखात्याने २०१८ साली सूचना काढली होती, सक्तीची नव्हती, म्हणून ती तपासणी झाली नव्हती. का नव्हती झाली, हे विचारा. (नंतर कंपनीने बाकीची विमानं तपासली, त्यांत दोष सापडला नाही, हेही त्याच श्वासात सांगा.) आणि तपास विभागालाही विचारा, की दोन वैमानिकांचं बोलणं द्यायचं तर सगळं द्यायचं, नाहीतर शेवटपर्यंत झाकून ठेवायचं. बिननावाचं एक वाक्य देशापुढे टाकून तुम्ही काय होईल असं समजला होतात? घरात सुकं मासळं उघडं टाकून मांजराला शिव्या देण्यात अर्थ नाही.

पण हे प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. खिट्टी, सूचना, तपासणी यांत रंग भरत नाही. मेलेला वैमानिक सोयीचा. तो कागद दाखवत नाही, वकील देत नाही, संध्याकाळी दुकानात येऊन "कोण रे बोललो ता?" असं विचारत नाही. त्याच्या वतीने उत्तर द्यायला नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायमूर्तींनी त्यांना सांगितलं, की हे ओझं वाहू नका, तुमच्या मुलाला कोणी दोषी धरलेलं नाही. न्यायमूर्ती भले गृहस्थ. ते आमच्या तिठ्यावर आलेले नाहीत.

गंमत म्हणजे हीच माणसं दुसऱ्या बाबतीत किती सबुरीची असतात! गावात कोणाच्या घरी अडचण आली, तर ती सातेरी-भद्रकालीसमोर कौल लावतात. पाषाणाला कळे लावले की उजवा पडेपर्यंत वा डावा पडेपर्यंत हात जोडून उभी असतात. अर्धा तास जातो, तास जातो. कोणी फुंकर मारत नाही, कोणी बोटाने ढकलत नाही. आणि नदीत होडी उलटली, तर जन्म पाण्यात काढलेला आमचा जुना मासेमार काय म्हणतो? "ती वर काढल्याशिवाय कसा सांगतलंय?" फळी सुटली, की वल्ही अडकली, की भरतीचं पाणी फिरलं, हे तो होडी पालथी घालून, हात फिरवून बघतो आणि मगच तोंड उघडतो. त्याला होडीतलं कळतं ना! नेमका तोच माणूस विमानाच्या बाबतीत गप्प असतो, हे मी पाहून ठेवलं आहे.

अपघाताचा अंतिम अहवाल साधारण वर्षात यावा, असा जगाचा रिवाज आहे, उशीरही होतो. तो पुरा वाचल्याशिवाय त्या दोन माणसांबद्दल कोणी बोलू नये. एवढा काळ जीभ स्वस्थ राहत नसेल, तर संध्याकाळची गाडी रोज अर्धा तास उशिरा का येते, यावर खुशाल चौकशी बसवा. त्यातले सगळे साक्षीदार हयात आहेत, आणि ड्रायव्हर उत्तर द्यायला चांगला समर्थ आहे.