तिथी, तारीख आणि एक जून

मे महिन्याच्या अखेरच्या दिवशी सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील सरकारी कचेऱ्यांत, जिल्हा परिषदांत आणि शाळांच्या कार्यालयांत निरोपसमारंभांची दाटी होते. शाळांना सुटी असते. तरीही शाल, श्रीफळ आणि भाषणे यांत खंड पडत नाही. वर्षाचे बाराही महिने लोक जन्मास येत असताना सेवानिवृत्तांची एवढी गर्दी एकाच दिवशी का व्हावी, हा प्रश्न परक्या माणसाला पडेल. येथल्या शिक्षकाला अथवा कारकुनाला पडत नाही. ज्यांची जन्मतारीख १ जून लिहिली गेली, ते सारे ३१ मे रोजी निवृत्त होतात. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेल्याने मागील महिन्याच्या अखेरीस सेवा सोडावी, असा नियमच आहे. आता एवढी माणसे खरोखरच १ जूनला जन्मली होती काय? अर्थातच नाही. शाळा जूनमध्ये उघडत. प्रवेशाचे वय त्या दिवशी पुरे झालेले दिसावे म्हणून हेडमास्तरांनी रजिस्टरात १ जून हा दिवस लिहिला, आणि पोराचे बोट धरून आलेल्या बापाने त्यावर अंगठा उठवला.

वाढदिवस तिथीने करावा की तारखेने, हा वाद मराठी सुशिक्षितांत जुना आहे. परंतु या वादात एक गोष्ट नेहमी गृहीत धरली जाते. ती ही की, प्रत्येकाजवळ एक तिथी आणि एक तारीख अशा दोन्ही चिजा आहेत आणि त्यांतून निवड तेवढी करावयाची आहे. ज्यांच्या घरी जन्मपत्रिका लिहिली गेली त्यांच्यापुरते हे खरे आहे. कृष्णाकाठच्या आणि माणदेशातील बहुसंख्य शेतकरी घरांत पत्रिका नव्हती आणि तारीखही नव्हती. तेथे जन्म लक्षात राहत तो एखाद्या मोठ्या घटनेच्या खुणेने. थोरली कन्या प्लेगच्या साली, मधला प्रतिसरकारच्या धामधुमीत, एखादा जळिताच्या वर्षी, म्हणजे १९४८ साली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा; त्या रात्रीच्या आगेमागे जन्मलेल्यांना तो दिवस आयुष्यभर पुरला. पुढे बहात्तरचा दुष्काळ आला आणि त्यानेही एका पिढीला जन्मसाल दिले. या कालगणनेत महिना असतो, कारण पेरणी आणि सुगी असते, दिवस नसतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. त्या संस्थेच्या, आणि तिच्यासारख्या इतर संस्थांच्या शाळांत, घराण्यात प्रथमच अक्षर गिरवणारी मुले आली. त्यांना शाळेच्या दारात अडवून जन्माचा दाखला मागितला असता, तर ती पुन्हा गुरांमागेच गेली असती. तेव्हा १ जून ही लबाडी होती, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. ज्या समाजाजवळ लेख नव्हता त्याला लेखाच्या राज्यात दाखल करून घेण्याची ती एक सोय होती. त्या सोयीची किंमत मात्र पुढे चुकती करावी लागली. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती असलेल्या सेवेत, दिवाळीत जन्मलेल्या माणसाचे पाच-सहा महिन्यांचे वेतन कागदावरच्या जन्मतारखेने बुडाले; मास्तरांनी साल एकाने मागे घेतले असेल तर वर्षाचे बुडाले. उलट ज्याचे साल पुढे ढकलले गेले त्याला लाभही झाला, हेही सांगितले पाहिजे. वार्षिक वेतनवाढीची तारीख १ जुलै ठरल्यापासून आणखी एक विचित्र प्रकार झाला. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यास केवळ एका दिवसाने ती वाढ हुकत असे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. ३१ मे रोजी जाणाऱ्यांचे बारा महिनेच भरत नसल्यामुळे त्यांना त्या निर्णयाचा उपयोग नाही. चूक दुरुस्त करून घ्यावी म्हटले तर सेवेत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे, असे महाराष्ट्र नागरी सेवेचे १९८१चे नियम सांगतात. पंचविशीतल्या तरुणाला आपल्या अठ्ठावन्नाव्या वर्षाची चिंता कोठून असणार?

आता तिथी आणि तारीख यांच्या मूळ भांडणाकडे वळावे. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण साताऱ्याच्या गादीच्या मूळ पुरुषाचेच आहे. शिवजयंती फार वर्षे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, या तिथीने होत असे. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, अशी नोंद निघाली आणि इतिहाससंशोधकांत वाद सुरू झाला. राज्य शासनाने १९६६ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली. तरी निकाल लागण्यास नवे शतक उजाडावे लागले, आणि २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने स्वीकारली. वाद मिटला असे वाटत असतानाच त्याची नवी फांदी फुटली. सरकारी सुटी तारखेला, आणि काही पक्ष-संघटनांची मिरवणूक तिथीला. २०२५ मध्ये ती तिथी १७ मार्चला आली. म्हणजे एकाच राजाचा जन्मोत्सव महिनाभराच्या अंतराने दोनदा झाला. रायगडावरील राज्याभिषेकाचेही तसेच आहे. साडेतीनशेव्या वर्षाचा सोहळा २०२३ मध्ये तिथीप्रमाणे २ जूनला आणि तारखेप्रमाणे ६ जूनला, असा दोनदा पार पडला.

तारखेचा पुरस्कार करणारे आपल्या बाजूस शास्त्र आहे, असे समजतात. वस्तुतः १९ फेब्रुवारी ही तारीख ज्युलियन गणनेची आहे. इंग्लंडने ती गणना १७५२ मध्ये टाकली. आज भिंतीवर जे कॅलेंडर आहे त्याच्या हिशेबाने तो दिवस १ मार्च १६३० हा येतो, आणि राज्याभिषेकाचा दिवस १६ जून १६७४. शिवनेरीवर त्या रात्री कोणाच्याही तोंडी फेब्रुवारी हा शब्द नव्हता. तेथे फाल्गुन होता. दुसऱ्या बाजूस तिथीच्या अभिमान्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, नर्मदेच्या पलीकडे तीच तृतीया फाल्गुनातील नसून चैत्र कृष्ण तृतीया आहे, कारण तेथील महिना पौर्णिमेला संपतो. तेव्हा दोहोंपैकी कोणताच दिवस आकाशातून उतरलेला नाही. दोन्ही माणसांनी मोजण्यासाठी मारलेल्या खुणा आहेत.

घरगुती वाढदिवसाची गोष्ट याहून सौम्य आहे आणि अधिक मनोरंजकही. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. हे अकरा दिवसांचे मागे पडणे अधिक महिन्याने भरून निघते. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात, आणि मग तिथी व तारीख पुन्हा एकमेकींना भेटतात, क्वचित एका दिवसाचा फरक राहतो. प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एकोणिसावा, अडतिसावा आणि सत्तावन्नावा वाढदिवस असा जुळून येतो. ज्यांच्या घरी यावरून सासू-सुनांत कुरबुर होते त्यांनी निदान ती तीन वर्षे सुखाने काढावीत! तिथी वीस तासांचीही असते आणि सव्वीस-सत्तावीस तासांचीही; त्यामुळे एखाद्या वर्षी वाढदिवसाची तिथी सूर्योदयाला सापडतच नाही आणि एखाद्या वर्षी दोन सूर्योदयांना सापडते. यात हसण्यासारखे काही नाही. मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६चा होता. त्यांनाही खरा वाढदिवस चार वर्षांनीच मिळे. पहाटे दोनला जन्मलेल्या मुलाचा वार पत्रिकेत एक आणि दाखल्यावर दुसरा असतो, कारण पंचांगाचा दिवस सूर्योदयाला उगवतो आणि कचेरीचा मध्यरात्री. या दोन व्यवस्थांत एक खरी आणि दुसरी खोटी, असे नाही. पंचांग हा चंद्र-सूर्यांचा हिशेब आहे. तारीख हा माणसामाणसांतील करार आहे.

करार म्हटला की त्यात एकवाक्यता हवी. पगार, भाडे, व्याज, विम्याचा हप्ता या गोष्टी अधिक महिन्याच्या वर्षी तेरा वेळा द्यावयाच्या की बारा वेळा, असा प्रश्न ज्या समाजात उद्भवतो त्यात दुबळ्या पक्षाच्या वाट्याला काय येईल, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. म्हणून व्यवहारात तारीख जिंकली, आणि ती जिंकणे इष्टच होते. सांगलीच्या हळदपेठेतील व्यापारी दिवाळीत वहीपूजन करतो आणि आयकराचे वर्ष ३१ मार्चला मिटवतो. त्याला यात धर्मसंकट वाटत नाही. तोच शहाणपणा वाढदिवसांच्या बाबतीत घरोघर आपोआप आला आहे. मुलाचा वाढदिवस तारखेला होतो. पण वडिलांचे श्राद्ध तिथीलाच. मराठी माणूस तारखेने जन्मतो आणि तिथीने मरतो, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे होणार नाही. भाषेची गंमत तर याहून निराळी. दर वर्षी २५ नोव्हेंबरला कराडच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाण यांची पुण्यतिथी होते. नाव तिथीचे, दिवस तारखेचा. आणि कोणाची तक्रार नाही.

पंचांगे तरी आपसांत कोठे एकमत आहेत? टिळक पंचांग आणि इतर पंचांगे यांत एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा येतो आणि मोजक्या घरांतील गणपती महिनाभर आधी बसतात. हा घोळ निस्तरण्यासाठी लोकमान्यांच्या हयातीतच परिषदा भरल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशातील सुमारे तीस पंचांगांचा विचार केला. तीत 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी हे दोघे महाराष्ट्रीयही होते. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले: चैत्राचा पहिला दिवस नेमका २२ मार्चला, लीप वर्षी २१ला. हा मार्ग बुद्धीला पटणारा होता आणि हृदयाला शिवणारा नव्हता. राजपत्राच्या शिरोभागी आणि आकाशवाणीच्या निवेदनात तो राहिला; बँकेत त्या दिनांकाचा धनादेशही चालतो. पण राष्ट्रीय शकाप्रमाणे कोणी आपल्या मुलाला ओवाळल्याचे ऐकिवात नाही. समितीने चांद्र तिथीचा संबंध धार्मिक पंचांगापुरता ठेवला आणि नागरी दिनदर्शिकेत सौर महिने घातले. ज्या चंद्रामुळे लोकांना तिथी आपली वाटते, तोच त्यात उरला नाही.

याउलट दोन्ही पंचांगांना आपले वाटणारे सोहळे टिकून आहेत, ते त्यांतील हिशेब माणसाच्या आयुष्याशी जुळतो म्हणून. साठ संवत्सरांचे चक्र पुरे झाले की षष्ट्यब्दिपूर्ती. हजार पौर्णिमा पाहिल्या की सहस्रचंद्रदर्शन, आणि हजार पौर्णिमांना जवळजवळ एक्याऐंशी वर्षे लागतात. परंतु या सोहळ्यांसाठीही जन्माची नोंद लागते. म्हणूनच हा विषय पुन्हा त्या १ जूनपाशी येतो.

१ जूनची पिढी आता सेवेतून जात आहे. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने नोंद सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत तर शाळाप्रवेशासह बहुतेक कामांना जन्माचा दाखला हाच पुरावा ठरला. पुढील मुलांचा प्रश्न सुटला. जी माणसे आधीच म्हातारी आहेत, आणि त्यातही ज्या स्त्रिया शाळेची पायरी कधी चढल्याच नाहीत, त्यांचे काय? त्यांच्याजवळ १ जूनसुद्धा नाही. आधार कार्डाच्या वेळी वय अंदाजाने सांगितले की यंत्र १ जानेवारी लिहिते. श्रावणबाळ योजनेला पासष्ट वर्षे पुरी झाल्याचा पुरावा हवा, एस.टी.च्या मोफत प्रवासाला पंचाहत्तरीचा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले की, आधार कार्ड हा वयाचा पुरावा नव्हे. शाळा सोडल्याचा दाखला अधिक ग्राह्य. म्हणजे हेडमास्तरांची जुनी कल्पित तारीख कायद्याच्या दृष्टीने यंत्राच्या कल्पित तारखेपेक्षा वजनदार ठरली, आणि जी शाळेत गेलीच नाही ती दोन्हींना मुकली.

या माणसांच्या जन्माची नोंद मुळीच झाली नव्हती, असे मात्र नाही. गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यू लिहिले जात. पुष्कळदा तेथे बाळाचे नाव नसते, बापाचे नाव आणि मुलगा की मुलगी एवढेच असते. तरीही भावंडांच्या क्रमावरून माणूस ओळखता येतो. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी २०२३ पासून हीच दप्तरे तहसील कचेऱ्यांतून बाहेर काढण्यात आली, मोडी जाणणाऱ्यांकडून वाचविण्यात आली आणि त्यांतील कुणबी नोंदी शोधण्यात आल्या. ज्या पानावर जात शोधली गेली त्याच पानावर जन्माचा दिवसही आहे. सातारा आणि सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ती पाने गावनिहाय उतरवून ग्रामपंचायतीत वाचावयास ठेवावीत, आणि वृद्धांच्या अर्जासोबत त्या नोंदीचा उतारा वयाचा पुरावा म्हणून घ्यावा. मोडी वाचणारी माणसे दोन्ही जिल्ह्यांत आहेत, त्यांचा मेहनताना अवाढव्य नाही, आणि जिच्यासाठी हे करावयाचे ती म्हातारी तहसीलच्या व्हरांड्यात आजही बसलेली आहे.