कॅमेरा जुना चालेल, काच चांगली हवी

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने रचली त्याच्यावर कॅमेऱ्याच्या दुकानात जाण्याचा प्रसंग आलेला नसावा. घरातल्या मुलाने किंवा मुलीने ‘डिजिटल एसएलआर हवा’ म्हटले की आईवडील पैशांची जुळवाजुळव करतात आणि दुकानदार विचारतो, ‘बजेट किती?’ ‘फोटो कशाचे काढणार?’ हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. मग हप्त्यांवर चकचकीत खोके घरी येते. गणपतीचे, मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो काढून होतात. पुढच्या पावसाळ्यात कॅमेरा कपाटात जातो. हप्ते मात्र कपाटात जात नाहीत.

हौस करणाऱ्याचे निदान नुकसानीवरच भागते. पण तालुक्याच्या गावी साखरपुडे, बारशी, लग्ने यांचे फोटो काढून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या तरुणाला कॅमेरा हे भांडवल असते. ते चुकीच्या ठिकाणी अडकले तर धंदा सुरू होण्याआधीच कर्ज सुरू होते. म्हणून स्पष्टच सांगायला हवे : पहिला डिजिटल एसएलआर नवा घेऊ नये. तो वापरलेला घ्यावा आणि वाचलेला पैसा लेन्सवर खर्च करावा.

याचे कारण या यंत्राच्या इतिहासातच आहे. १९९१ साली कोडॅकने निकॉनच्या एफ-३ या फिल्म कॅमेऱ्यावर डिजिटल यंत्रणा बसवून विकायला काढली. क्षमता १.३ मेगापिक्सेल, आणि चित्रे साठवणारी पेटी वेगळी, खांद्याला अडकवायची. १९९९ मध्ये निकॉनचा डी-१ आला, २.७ मेगापिक्सेलचा. २००३ मध्ये कॅननने ६.३ मेगापिक्सेलचा ३००डी लेन्ससह हजार डॉलरच्या आत आणला आणि एसएलआर सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आला. त्या त्या वेळी नवलाचे वाटलेले हे कॅमेरे आज संग्रहालयात शोभतील. लेन्सचे तसे नाही. कॅननने १९८७ मध्ये ठरवलेल्या मापाची लेन्स त्याच कंपनीच्या डिजिटल एसएलआरवर आजही बसते आणि चालते. निकॉनच्या लेन्सची बैठक तर १९५९ पासूनची. अंग म्हातारे होते, डोळा शाबूत राहतो. मग पैसे अंगावर घालायचे की डोळ्यावर?

दुसरे कारण बाजाराचे. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचे लक्ष आता आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेले आहे. त्यांचे अखेरचे नवे एसएलआर २०२० सालचे. सोनीने २०२१ मध्ये हे दुकान बंद केले. पेंटॅक्सने तेवढा हट्ट धरला. साहजिकच व्यावसायिक छायाचित्रकार आपले चांगले चाललेले एसएलआर विकत आहेत. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारापासून गावच्या स्टुडिओपर्यंत हा माल फिरतो आहे. विकणाऱ्याचा तोटा हा शिकणाऱ्याचा लाभ आहे.

‘मग मावळत्या गोष्टीत पैसे का घालायचे?’ असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ज्याला मुख्यतः व्हिडिओच करायचा आहे, त्याने एसएलआरच्या वाटेला जाऊ नये. त्याने मिररलेसच पाहावा. पण स्थिरचित्रण शिकायचे असेल तर एसएलआरसारखी शाळा नाही. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वळून थेट आपल्या डोळ्यात येतो. फोटो उजळ येणार की काळा, हे तो आधी दाखवत नाही. ते डोक्याने ठरवावे लागते, आणि हा ठरवण्याचा सराव म्हणजेच छायाचित्रण. शिवाय व्ह्यूफाइंडरमध्ये विजेचा पडदा नसल्याने बॅटरी कमी खर्ची पडते. निकॉनच्या डी३५०० या २०१८ च्या साध्या मॉडेलला कंपनीच एका चार्जिंगवर १५५० चित्रे सांगते. वीज बेभरवशाची असलेल्या गावात ही गोष्ट लहान नव्हे. पुढे मिररलेस घेतलाच तर कॅननच्या लेन्स अॅडॅप्टर लावून त्यावर चालतात. निकॉनच्या ‘एएफ-एस’ जातीच्याही चालतात.

आता लेन्स. खोक्यात येणारी १८-५५ ची लेन्स वाईट नसते, पण तिचा डोळा अरुंद. ५५ वर ती एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. साधी ५० मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. मंडपातल्या किंवा घरातल्या दिव्यांत जिथे पहिलीला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, तिथे दुसरीचे काम सव्वाशेव्या भागात होते. पहिलीच्या फोटोत धावणारे पोर पुसट होते, दुसरीच्या फोटोत ते हसताना दिसते. हा फरक मेगापिक्सेल वाढवून मिळत नाही. तसेही १२ बाय ८ इंची उत्तम छपाईला ८.६ मेगापिक्सेल पुरतात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या साध्या कॅमेऱ्यातही त्याहून जास्त असतात.

एक सावधगिरी मात्र हवी. स्वस्त एसएलआरचा सेन्सर फिल्मच्या चौकटीहून लहान असतो. त्यामुळे ५० ची लेन्स निकॉनवर ७५ सारखी आणि कॅननवर ८० सारखी वागते. व्यक्तिचित्राला ती छान. पण वन रूम किचनमध्ये पाठ भिंतीला टेकली तरी चार माणसे चौकटीत मावत नाहीत. घरगुती वापराला निकॉनची ३५ मिलिमीटर एफ १.८ किंवा कॅननची २४ मिलिमीटर एफ २.८ अधिक सोयीची. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांच्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. जुनी ‘एएफ-डी’ लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून घ्याल आणि फोकस हाताने फिरवत बसाल.

जुना माल घ्यायचा तर पारख हवी. शटर किती वेळा उडाले ते विचारावे. साध्या मॉडेलचे शटर साधारण लाखभर वेळा चालावे, अशी अपेक्षा असते. निकॉनने काढलेल्या चित्राच्या माहितीतच हा आकडा नोंदलेला असतो. छिद्र एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते. लेन्समधून टॉर्च मारून पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही पाडून दिली तरी अशी लेन्स परत करावी. कोकणात आणि मुंबईत बुरशी हा कॅमेऱ्याचा पहिला शत्रू. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यावर पावसाळा निभावतो. आणि मूळ बिल नसलेली वस्तू, ती कितीही नवीकोरी दिसो, घेऊ नये.

एवढे केल्यावर सहा महिने दुसरी लेन्स घेऊ नये. होमाई व्यारावाला यांच्या हाती रोलिफ्लेक्स असे. त्याची लेन्स बदलता येत नव्हती, झूम तर नव्हतीच. जवळचे हवे तर पुढे जायचे, जास्त हवे तर मागे यायचे. भारताच्या स्वातंत्र्याचा काळ त्यांनी आपल्यासाठी टिपून ठेवला. पायांनी होणारे काम पैशांनी करू पाहण्याची सवय मात्र आपण पहिल्याच कॅमेऱ्यासोबत विकत घेतो.

आईवडिलांनाही एक सांगणे आहे. मुलाची हौस खरी की चार दिवसांची, हे कळायला वर्ष जावे लागते. ते वर्ष कर्जाचे नसावे. वापरलेला कॅमेरा आणि एक चांगली लेन्स एवढेच घेऊन द्या. वर्षअखेर त्याला त्यातले दहा फोटो निवडायला सांगा आणि ते स्वतःच्या खर्चाने छापून भिंतीवर लावा. त्या दहांत जीव असेल तर पुढचा कॅमेरा नवा घ्यायला हरकत नाही. नसेल तर कॅमेरा थोड्या तोट्यात विकता येईल, आणि लेन्स दुसऱ्या कुणाच्या कामी येईल.