संगणक पेपरच्या टेबलाकडचा

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारी मंडळ सदस्य,
आमचे वाचनालय, मोहने



वाचनालयातल्या दोन संगणकांच्या वर आपण नवी सूचना लावली आहे. यापुढे संगणक फक्त सभासदांना, तोही अर्धा तास, पेनड्राइव्ह लावायचा नाही आणि आधारची झेरॉक्स काउंटरवर जमा करायची. मी जुना सभासद, त्यामुळे माझं काही अडणार नाही. अडणार आहे ते ज्यांच्याकडे सभासदत्वाची पावती नाही त्यांचं, आणि त्या संगणकांवर बसतात मुख्यतः तेच.

माझ्या शेजारची मुलगी यंदा दहावी झाली. अकरावीचा अर्ज मोबाइलवर भरताना पान सारखं अडकत होतं, म्हणून तिला घेऊन मी वाचनालयात आलो. जातीचा दाखला स्कॅन करून पेनड्राइव्हवर आणला होता, तो लावता येईना. मग ईमेलवरून काढू म्हटलं, तर जीमेलने पडताळणीचा कोड वडिलांच्या फोनवर पाठवला. वडील सिक्युरिटीच्या ड्युटीवर, आंबिवलीहून सकाळची लोकल पकडून ठाण्याला गेलेले. त्यांनी फोन उचलून कोड सांगेपर्यंत वीस मिनिटं गेली. अर्जाच्या दुसऱ्या भागात दहापर्यंत कॉलेजांचे पसंतिक्रम देता येतात. चौथ्या कॉलेजाचा कोड शोधत होतो, तेवढ्यात काउंटरवरून आवाज आला, 'काका, वेळ झाली.' उरलेला अर्ज बाहेर दुकानात पैसे मोजून भरला.

मुंबई महानगर परिसरात अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन आहेत. २०२५ पासून तर सगळ्या राज्यात. त्याच २००९ मध्ये आपल्याकडची एनआरसी कंपनी बंद पडली. कंपनी चालू होती तोवर तिथे लिहिता-वाचता येणारा एक जण दहा जणांचे कागद भरून द्यायचा. आता पीएफचं पासबुक बघायचं तरी ओटीपी आणि कॅप्चा. त्या कॅप्चातलं इंग्रजी ओ आहे की शून्य, यावर चष्मेवाल्या दोन माणसांत झालेला वाद मी ऐकलेला आहे.

सूचनेमागचं कारण मला कळतं. गेल्या महिन्यात त्यातल्या एका संगणकाच्या डेस्कटॉपवर मी स्वतः अकरा फाइली मोजल्या: कुणाचं आधार, कुणाचं पॅन, एका बाईंचं बँक पासबुक. डाउनलोड करून तसंच सोडून गेलेले. हे धोक्याचं आहेच, आणि पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो हेही खरं. पण आधारची पीडीएफ डेस्कटॉपवर राहू नये म्हणून आधारची झेरॉक्स ड्रॉवरमध्ये साठवायची, हा उपाय मला समजला नाही. ओळखपत्र बघा, वहीत नाव आणि वेळ लिहून घ्या, कार्ड परत द्या.   प्रत्येक जण उठला की फाइली आपोआप पुसल्या जातील अशी सोय संगणकात करता येते. व्हायरस तपासून पेनड्राइव्ह लावणं हे काउंटरवरच्या माणसाचं दोन मिनिटांचं काम.

माझं म्हणणं असं. वाचनालयात दोन प्रकारचे व्यवहार चालतात. पुस्तक घरी न्यायचं तर सभासदत्व, अनामत, पावती. ते योग्यच, पुस्तक परत यायला हवं. पण पेपरच्या टेबलाशी कुणी पावती मागत नाही. सकाळी भाजी घेऊन जाणारा माणूसही पिशवी पायाशी ठेवून पेपर चाळतो. संगणक त्या टेबलाकडचा आहे, आपण तो पुस्तकांच्या काउंटरकडे सरकवलात. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपल्याला मान्यता आहे, अनुदानही मिळतं. त्या कायद्याच्या नावातच 'सार्वजनिक' शब्द आहे.

वेळेची अडचण खरी आहे, संगणक दोनच. गर्दी नसेल तर अर्ध्या तासाचा आग्रह नको. अर्ज भरणाऱ्याला तासभर द्या, यूट्यूब बघणाऱ्याला दहा मिनिटांत उठवा. माझी काही तक्रार नाही. आणि जमल्यास आठवड्यातून दोन दिवस रात्री साडेआठपर्यंत संगणक चालू ठेवा. कामावरून येणारी माणसं सात-साडेसातला आंबिवलीला उतरतात, तोवर आपलं कुलूप लागलेलं असतं.

जास्तीच्या वेळेत बसायला माणूस नाही, असं उत्तर येईल. बुधवारी आणि शनिवारी मी बसतो. वही मीच आणेन.

आपला,
एक सभासद