सूर्य मावळतो, पण उगवतोही वेळेवर

विजेचा विषय निघाला की माणसे चटकन दोन गटांत वाटली जातात. एक गट म्हणतो, "सूर्य फुकट आहे, मग अणुभट्ट्या हव्यातच कशाला?" दुसरा विचारतो, "आणि सूर्य मावळल्यावर काय कंदील लावणार?" दोन्ही वाक्ये टाळ्या घेणारी आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर हा वाद कित्येक महिने चालू आहे. तिथे एकाचे बोलणे संपायच्या आत दुसरा सुरू होतो, म्हणून माझे म्हणणे इथे सविस्तर मांडतो.

मत आधीच सांगून टाकतो. पुढची वीस वर्षे देशाने नवा पैसा मुख्यतः सौरवीज आणि ती साठवण्याची सोय यांत घालावा. चालू अणुभट्ट्या चालू ठेवाव्यात, बांधायला घेतलेल्या पूर्ण कराव्यात, पण जैतापूरसारख्या अजस्र प्रकल्पाच्या नादी लागू नये. अणुवीज पाप आहे असे मी मानत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की ती वेळेवर येत नाही.

आधी भीतीचा मुद्दा बाजूला ठेवू. चेर्नोबिल १९८६ मध्ये घडले, फुकुशिमा २०११ मध्ये. ते विसरा असे कोणी म्हणू नये. पण आपले तारापूर १९६९ पासून आहे आणि पालघर-बोईसरची माणसे तिथे नांदत आहेत. कोळशाच्या धुराने दरवर्षी माणसे मरतात, त्याची मात्र बातमी होत नाही. केवळ भीती दाखवून अणुवीजेला विरोध करणाऱ्यांशी माझे जमत नाही. त्यांच्या घोषणाबाजीमुळे खरा प्रश्न मागे पडतो.

तो प्रश्न तारखांचा आहे. मी जन्मभर इतिहास-भूगोल शिकवला. अणूच्या पोटात काय चालते ते मला कळत नाही, पण सनावळी कळते. अणुऊर्जा विभागाने १९८४ च्या सुमारास सांगितले होते, २००० सालापर्यंत १०,००० मेगावॅट. ते साल उजाडले तेव्हा ३,००० चाही पल्ला गाठलेला नव्हता. मग नवे उद्दिष्ट आले, २०२० पर्यंत २०,००० मेगावॅट. २०२० मध्ये हाती होते ६,७८०. शंभरपैकी चौतीस. आमच्याकडे पस्तिसाला पास करतात.

आता जानेवारी संपून अर्थसंकल्प आला की उद्दिष्टांना पालवी फुटते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले, २०४७ पर्यंत १,००,००० मेगावॅट अणुवीज. त्या वर्षी आपली एकूण क्षमता होती ८,७८० मेगावॅट. म्हणजे बावीस वर्षांत सुमारे ९१,००० मेगावॅट उभे करायचे, दर वर्षाला चार हजारांहून जास्त. तारापूर सुरू झाल्यापासूनच्या छप्पन वर्षांत आपली सरासरी वर्षाला दीडशेच्या आसपास पडते. ज्या मुलाला आजवर कधी पस्तीस मिळाले नाहीत तो "यंदा बोर्डात येतो" म्हणाला तर आपण त्याच्या पाठीवरून हात फिरवू, पण पेढ्यांची ऑर्डर देणार नाही.

अणुवीजवाले म्हणतील, आमच्यावर बहिष्कार होता. ते खरे आहे. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर कॅनडाने मदत थांबवली. तारापूरच्या इंधनासाठी आपल्याला अमेरिकेकडून फ्रान्सकडे जावे लागले. या परिस्थितीत आपल्या शास्त्रज्ञांनी स्वबळावर जे उभे केले त्याबद्दल मला आदर आहे. पण २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने आपल्याला सूट दिली आणि बहिष्कार संपला. त्यालाही आता बराच काळ लोटला. त्यानंतरचे चित्र काय आहे? काकरापारच्या ७०० मेगावॅटच्या स्वदेशी भट्टीचे काम २०१० मध्ये सुरू झाले, ती व्यापारी तत्त्वावर चालू झाली २०२३ मध्ये. कल्पाक्कमच्या प्रायोगिक फास्ट ब्रीडर भट्टीचे काम २००४ मध्ये सुरू झाले, ती २०१० मध्ये पुरी व्हायची होती. तिचा गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. कूडनकुलमचा करार सोव्हिएत युनियनशी झाला १९८८ मध्ये. पहिल्या भट्टीची वीज २०१३ मध्ये आली तेव्हा करार करणारा देशच नकाशावर उरलेला नव्हता!

आणि जैतापूर? सहा फ्रेंच भट्ट्या, मिळून सुमारे ९,९०० मेगावॅट. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझी आले असताना करार झाला. माडबन, साखरीनाटे या गावांनी विरोध केला. एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. गावांची साडेनऊशे हेक्टरच्या आसपास जमीन गेली. त्या जमिनीवरून अजून एका दिव्यापुरतीही वीज आलेली नाही.

याच जातीच्या भट्टीचे युरोपातले प्रगतिपुस्तक बघा. फिनलंडमधली ओल्किलुओटोची भट्टी २००५ मध्ये बांधायला घेतली, २००९ मध्ये सुरू व्हायची होती, नियमित वीज देऊ लागली २०२३ मध्ये. खुद्द फ्रान्समधली फ्लामांव्हिलची भट्टी २०१२ मध्ये येणार होती, ती जाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. अंदाज ३.३ अब्ज युरोचा होता, कंपनीच्याच हिशोबाने खर्च १३ अब्जांच्या पुढे गेला. चीनमध्ये तैशानला हे काम नऊ वर्षांत झाले, तेही ठरल्यापेक्षा उशिराच. ज्यांनी ही भट्टी जन्माला घातली त्यांना जे आपल्या अंगणात साधले नाही ते राजापूरच्या सड्यावर साधेल असे मानायला फार श्रद्धा लागते. त्यातून रत्नागिरी जिल्ह्याने एक महागडे स्वप्न आधीच पाहिले आहे. दाभोळची वीज १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००१ मध्ये ती परवडत नाही म्हणून वीज मंडळाने घेणे थांबवले. एकाच मोठ्या परदेशी यंत्रावर भिस्त ठेवली की काय होते ते महाराष्ट्राला पुस्तकात वाचायची गरज नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा केला. त्याने खासगी कंपन्यांना दार उघडले आणि २०१० च्या कायद्यात सदोष यंत्र पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचा जो हक्क होता तोही काढून घेतला. मला एवढेच विचारायचे आहे की यंत्र इतके खात्रीचे असेल तर ते बनवणाऱ्याला जबाबदारीची भीती का वाटावी?

आता सौरवीजेलाही तीच फूटपट्टी लावू, नाहीतर मी पक्षपाती ठरेन. २०१५ मध्ये सरकारने सांगितले, २०२२ पर्यंत १,००,००० मेगावॅट. २०२२ संपताना झाले होते ६३,००० च्या आसपास. म्हणजे तिथेही चूक झालीच. घरांच्या छपरांवर ४०,००० मेगावॅट व्हायचे होते, त्याचा चौथा हिस्साही झाला नाही. पण एक लाखाचा टप्पा जानेवारी २०२५ मध्ये पार पडला. दोन वर्षे उशीर आणि वीस वर्षे उशीर यांत फरक करता येत नसेल तर मग वादच खुंटला.

सौरवाले मात्र इथे एक लबाडी करतात, ती सांगितली पाहिजे. सौरवीजेचा एक मेगावॅट आणि अणुवीजेचा एक मेगावॅट सारखे नसतात. सूर्य रात्री नसतो, सकाळ-संध्याकाळ तिरपा असतो, त्यामुळे वर्षभराची सरासरी धरता सौर यंत्रणा क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याइतकीच वीज देते. अणुभट्टी ऐंशी टक्के देते. म्हणजे चारास एक असे प्रमाण धरा. तसे धरले तरी सौरवीजेचे एक लाख हे अणुवीजेच्या पंचवीस हजारांच्या तोडीचे होतात, म्हणजे छप्पन वर्षांत उभारलेल्या सगळ्या अणुभट्ट्यांच्या जवळजवळ तिप्पट. आणि यातले बहुतेक सगळे २०१० नंतरचे. दरही बघा. २०१० च्या लिलावात युनिटला बारा रुपयांच्या आसपास पडलेली सौरवीज २०१७ मध्ये राजस्थानात भडला येथे २ रुपये ४४ पैशांवर आली.

"पण संध्याकाळी सातचे काय?" कट्ट्यावरचे आमचे निवृत्त अभियंते इथे हमखास मला अडवतात. प्रश्न बिनतोड आहे. दुपारच्या अडीच रुपयांच्या विजेने संध्याकाळचा दिवा लागत नाही, आणि जो सौरवाला हे सांगत नाही तो अर्धा हिशोब दाखवतो. पण या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते आपल्या सह्याद्रीतच आहे. घाटघरला वर एक धरण आहे आणि खाली चोंढ्याला दुसरे. वीज उतू जात असते तेव्हा पाणी वर चढवायचे, गरज पडली की खाली सोडून वीज करायची. क्षमता २५० मेगावॅट. कोकणकड्याच्या उताराइतकी याला योग्य जागा देशात फार थोडी असेल. शिवाय बॅटऱ्या आहेत. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या सौरऊर्जा महामंडळाच्या लिलावात साठवणुकीचा दर मेगावॅटमागे महिन्याला १० लाख ८४ हजार रुपये निघाला होता. २०२५ मधल्या लिलावांत तो अडीच लाखांच्या खाली आला. अणुभट्टीचा खर्च बांधता बांधता वाढतो आणि याचा घटतो, हे डोळ्यांआड कसे करणार?

पावसाळ्याचे काय, असेही विचारतात. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते हे खरे, पण तेच वाऱ्याचे दिवस आहेत. साताऱ्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या याच महिन्यांत जोरात असतात. तरीही कोळसा उद्या बंद होईल असे मी म्हणत नाही. ढगाळ आठवड्यांसाठी त्याची गरज अजून बरीच वर्षे राहील.

सौरवीज निर्दोषही नाही. तिला जमीन फार लागते. राजस्थानात विजेच्या तारांना आपटून माळढोक मरतात, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पत्रे आणि त्यांचा कच्चा माल यांसाठी आपण चीनकडे पाहतो. पण युरेनियमही आपण बाहेरून आणतोच. फरक असा, की पत्रा एकदा आणला की पंचवीस वर्षे कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. इंधनाला पुन्हा पुन्हा हात पसरावा लागतो.

सगळ्यात मोठा मुद्दा शेवटी ठेवला आहे. तो शेतकऱ्याचा आहे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे थ्री फेज वीज मिळाली ती आठवड्यातले काही दिवस रात्रीच्या पाळीत. थंडीत, चिखलात, हातात बॅटरी घेऊन रात्री एक वाजता दारे धरायची. साप-विंचू असतातच, जुन्नर-संगमनेरकडे वर बिबट्या. शहरातल्या चर्चांत हा माणूस कधी दिसत नाही. आता बघा, सूर्य ज्या वेळी असतो नेमक्या त्याच वेळी त्याला वीज हवी आहे. तिथे बॅटरी नको, घाटघर नको, पाणी शेतात गेले की काम झाले. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच विचारावर उभी आहे. गावाजवळच्या उपकेंद्रापाशी सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची. कुठे जागेचा वाद आहे, कुठे ठेकेदार रेंगाळतो, पण हे काम दोन वर्षांत होऊ शकते. ते झाले की त्या गावातला माणूस रात्री घरात झोपतो. याला मी राष्ट्रीय गरज म्हणतो. जैतापूर झालेच, तर त्याची पहिली वीज येईपर्यंत आज विहिरीवर जाणारा पस्तिशीचा शेतकरी पन्नाशीच्या पुढे गेलेला असेल. तोवर त्याने रात्रीची दारे धरत राहायचे का?

अणुशास्त्रज्ञांनी संशोधन करावे, त्यासाठी पैसा द्यावा. थोरियमची वाट सापडली तर आनंदच आहे. पण संशोधनाची आशा वेगळी आणि गावाच्या विजेचे वेळापत्रक वेगळे. उद्दिष्टे जाहीर करणाऱ्या प्रत्येकाला आपण नागरिकांनी एकच प्रश्न विचारावा. मेगावॅट किती ते राहू द्या. मागची तारीख पाळलीत का, ते सांगा.